बीजीपी सेशन वारंवार पडतंय? आधी दोन पडण्यांमधलं अंतर मोजा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना घ्या, पाटोवरचं कार्यालय घ्या किंवा कांदोळीचं एखादं हॉटेल घ्या, मांडणी बहुतेक सारखीच सापडते. इकडे एक राउटर किंवा फायरवॉल, तिकडे मुंबई किंवा पुण्यातला क्लाउड, मध्ये आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध वाट) किंवा भाड्याची लाइन, आणि कुठला पत्ता कुणाकडे आहे हे दोन्ही टोकांना कळवत राहणारं बीजीपी. तक्रारही सारखीच असते: सेशन (दोन टोकांमधली बीजीपीची जोडणी) पडतं, कुणी बघायला बसेपर्यंत आपोआप परत येतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतं.

अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे राउटर रीस्टार्ट करणं. रीस्टार्टनंतर सेशन येतं, कारण ते तसंही येणारच होतं. पण रीस्टार्टने लॉगमधला पुरावा मात्र पुसला जातो. पडलेलं सेशन हे लक्षण आहे. मूळ दुखणं फायबरच्या कनेक्टरपासून क्लाउडच्या प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) मर्यादेपर्यंत कुठेही असू शकतं. ते कुठल्या थरात आहे हे सगळ्यात लवकर एकाच गोष्टीवरून कळतं: दोन पडण्यांमध्ये किती वेळ गेला. म्हणून कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी निदान पाच-सहा पडण्यांच्या वेळा, सेकंदांसकट, कागदावर उतरवा.

वेळा आणि कारण कुठून मिळवायचं

सिस्को पद्धतीच्या राउटरवर "शो आयपी बीजीपी नेबर्स" या आदेशाच्या उत्तरात "लास्ट रीसेट" अशी ओळ असते. तिच्यात शेवटचं कारण आणि नोटिफिकेशन (सेशन तोडताना जाणारा निरोप) पाठवलं की मिळालं, दोन्ही लिहिलेलं असतं. एफआरआर या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरवर आणि बहुतेक फायरवॉलवर याच धर्तीची माहिती मिळते. नोटिफिकेशनचे सहा मूळ प्रकार आहेत. रोजच्या कामात त्यातले तीनच वारंवार भेटतात: २ म्हणजे ओपन संदेशातली चूक (२/२ असेल तर एएसएन, म्हणजे जाळ्याचा क्रमांक, जुळत नाही), ४ म्हणजे होल्ड टायमर संपला (ठरल्या वेळेत समोरून काहीच आलं नाही), आणि ६ म्हणजे समोरच्याने जाणूनबुजून सेशन बंद केलं. सहामधले उपक्रमांकही बघा: ६/१ म्हणजे प्रीफिक्सची मर्यादा ओलांडली, ६/२ म्हणजे कुणीतरी शटडाउन दिलं, ६/४ म्हणजे कुणीतरी हाताने रीसेट केलं.

"पाठवलं" आणि "मिळालं" यांतला फरक फार कामाचा आहे आणि फार कमी लोक तो वाचतात. आपल्या राउटरने ४/० पाठवलं, तर क्लाउडचे कीपअलाइव्ह ('मी आहे' असे ठरावीक वेळाने येणारे संदेश) आपल्यापर्यंत पोचले नाहीत. आपल्याला ४/० मिळालं, तर आपले संदेश तिकडे पोचले नाहीत. एका ओळीतून तोटा कोणत्या दिशेला आहे ते कळतं.

घड्याळ तपासा. राउटरला एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सेवा) लावलेला नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालेल. क्लाउडचे लॉग बहुधा यूटीसीमध्ये असतात आणि आपली वेळ त्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे. क्लाउडमधली २०:३० ची नोंद म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे २:००. हा हिशेब चुकला की रात्रीच्या बॅकअपमुळे झालेला बिघाड संध्याकाळच्या गर्दीच्या माथी मारला जातो.

क्लाउडच्या बाजूनेही पुरावा असतो, पण तो आधी सुरू करून ठेवावा लागतो. एडब्ल्यूएसच्या व्हीपीएनसाठी क्लाउडवॉचमध्ये "टनेल स्टेट" हे मोजमाप मिळतं. बीजीपीच्या टनेलमध्ये ते सेशन एस्टॅब्लिश्ड असेल तरच १ दाखवतं, बाकी प्रत्येक अवस्थेत ०. आयकेईचे (टनेलच्या किल्ल्या ठरवणाऱ्या भागाचे) सविस्तर लॉग मात्र वेगळे चालू करावे लागतात. अझ्युअरमध्ये गेटवेच्या डायग्नॉस्टिक सेटिंगमधून आयकेई, रूट आणि टनेल असे तीन वेगळे लॉग घेता येतात. तिन्ही घ्या. सेशन आधी पडलं की टनेल आधी पडला, हा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही.

होल्ड टाइमच्या ठोक्यावर पडणारं सेशन

सेशन येतं, तीस किंवा नव्वद किंवा एकशेऐंशी सेकंद राहतं, "होल्ड टायमर संपला" म्हणून पडतं, लगेच परत येतं, पुन्हा तेवढ्याच सेकंदांनी पडतं. ही लय दिसली की सत्तर टक्के काम झालं. कारण जवळजवळ नेहमी एमटीयूच (वाटेत मावणाऱ्या पॅकेटचं कमाल माप) निघतो.

आधी आपल्या सेशनचा होल्ड टाइम किती ते बघा. दोन्ही बाजू आपापला आकडा सांगतात आणि त्यातला लहान आकडा लागू होतो. एडब्ल्यूएसच्या व्हीपीएनसाठी मिळणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये कीपअलाइव्ह १० आणि होल्ड ३० सेकंद असतो. गूगलच्या क्लाउड राउटरवर मुळातले आकडे २० आणि ६० आहेत, अझ्युअर व्हीपीएन गेटवेवर ६० आणि १८०. आपण १८० लिहिलं आणि समोरून ३० आलं तर ३० चालतं.

आता सेशन कशामुळे पडतं ते बघू. कीपअलाइव्ह संदेश फक्त १९ बाइटचा असतो आणि ओपनही छोटाच असतो. हे दोन्ही कुठल्याही टनेलमधून आरामात जातात, म्हणून सेशन एस्टॅब्लिश्ड होतं. मग अपडेट संदेश निघतात. प्रीफिक्स भरपूर असतील तर टीसीपी त्यांची पूर्ण मापाची पॅकेटं करतो. आयपीसेकने वर चढवलेल्या हेडरमुळे ती वाटेत मावत नाहीत. डीएफ बिट लावलेला असल्यामुळे तुकडेही होत नाहीत, आणि "पॅकेट मोठं आहे" असा आयसीएमपी निरोप एखाद्या फायरवॉलने अडवलेला असतो. टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पुढची सगळी कीपअलाइव्ह त्या अडकलेल्या पॅकेटमागे रांगेत उभी राहतात, कारण टीसीपी क्रम मोडत नाही. समोरचा राउटर शेवटच्या ऐकलेल्या संदेशापासून होल्ड टाइम मोजतो आणि सेशन तोडतो.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. "गेल्या वर्षभर हेच कॉन्फिगरेशन चालत होतं" हे वाक्य अगदी खरं असू शकतं. अपडेटमध्ये एका /२४ ला फक्त ४ बाइट लागतात. वीस-पंचवीस प्रीफिक्सचा अपडेट दीडशे-दोनशे बाइटांत मावतो आणि एमटीयूची चूक कधीच उघडी पडत नाही. नवी शाखा जोडली, ओएसपीएफमधले (आतल्या जाळ्याच्या राउटिंगमधले) रूट बीजीपीत सोडले, संदेश पॅकेटच्या मापाला पोचले की मग पडायला लागतं. कॉन्फिगरेशन तेच असतं, फक्त भार वाढलेला असतो.

तपासणी अशी. टनेलच्या आतल्या पत्त्यावर डीएफ बिट लावून पिंग करा आणि माप वाढवत जा: १३००, १३५०, १४००, १४२०, १४४०. कुठे थांबतं ते लिहा. सिस्को राउटरवर दिलेलं माप आयपी हेडर धरून असतं. लिनक्सवर दिलेलं माप फक्त आतल्या मजकुराचं असतं, त्यात २८ मिळवावे लागतात. म्हणजे लिनक्सवरचं १३७२ हे राउटरवरच्या १४०० बरोबर. या फरकामुळे दोन माणसं एकाच लाइनवर दोन वेगळे आकडे घेऊन भांडत बसतात. मग नेबरच्या (समोरच्या राउटरच्या) तपशिलात "मॅक्स डेटा सेगमेंट" किती आहे ते बघा. तो १४६० असेल आणि पिंग १४२० ला थांबत असेल तर निदान झालं.

उपाय म्हणून टनेल इंटरफेसचा आयपी एमटीयू १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका सेगमेंटमधला कमाल डेटा) १३६० ठेवा. अझ्युअरसाठी एमएसएस १३५० ठेवण्याची शिफारस आहे, तीच पाळा. लक्षात घ्या, "ॲडजस्ट एमएसएस" ही ओळ राउटरमधून आरपार जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी आहे. राउटरचं स्वतःचं बीजीपी सेशन आपला सेगमेंट बाहेर पडणाऱ्या इंटरफेसच्या एमटीयूवरून ठरवतं, म्हणून आयपी एमटीयूची ओळ विसरून चालत नाही. दोन्ही लिहा आणि मग सेशन एकदा रीसेट करा, कारण चालू सेशनचा सेगमेंट बदलत नाही.

गोव्यात याचा एक ठरावीक प्रकार भेटतो. मुख्य भाड्याची लाइन १५०० ची असते आणि सगळं उत्तम चालतं. ती तुटली की टनेल फायबर ब्रॉडबँडवर जातो, तिथे पीपीपीओई असतं, एमटीयू १४९२. आठच बाइट कमी, पण काठावर बसवलेलं माप तेवढ्याने कोसळतं. पर्यायी लाइन खरोखर चालते की नाही हे मुख्य लाइन मुद्दाम काढून, पूर्ण प्रीफिक्ससकट पंधरा मिनिटं चालवून बघा. नुसता पिंग गेला म्हणून समाधान मानू नका.

तासाला, साडेसात तासांनी, आठ तासांनी

सेशन तासन्‌तास नीट चालतं आणि मग घड्याळ लावल्यासारखं पडतं, तेव्हा बीजीपी सोडा आणि आयपीसेककडे वळा. एडब्ल्यूएसमध्ये किल्ल्यांच्या पहिल्या टप्प्याचं आयुष्य मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, आणि दुसऱ्या टप्प्याचं ३,६०० सेकंद, म्हणजे १ तास. अझ्युअरमध्ये पहिला टप्पा २८,८०० आणि दुसरा २७,००० सेकंद, म्हणजे साडेसात तास. पडण्याचं अंतर यांपैकी एखाद्या आकड्याच्या जरा अलीकडे येत असेल (किल्ली आयुष्य संपायच्या थोडी आधीच बदलली जाते), तर किल्ली बदलताना काहीतरी फसतं आहे.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक पीएफएसची (प्रत्येक किल्लीबदलाला नव्याने होणारी, डिफी-हेलमन ही किल्ली ठरवण्याची देवघेव) आहे आणि ती लपून राहते. आयकेईव्ही२ मध्ये पहिली डेटा वाहिनी ओळख पटवतानाच तयार होते. त्या वेळी वेगळी डिफी-हेलमन देवघेव होतच नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे पीएफएस गट वेगळे असले तरी टनेल पहिल्यांदा बिनतक्रार वर येतो. पहिल्या किल्लीबदलाला गट जुळत नाही आणि वाहिनी मरते. चाचणीच्या अर्ध्या तासात हे दिसतच नाही. टनेल आला, सेशन आलं, फाइलवर सही झाली, आणि तासाने फोन वाजला, तर सर्वांत आधी हा गट तपासा. दोन्हीकडे १४ असो वा १९ वा २०, तोच आकडा हवा.

आयुष्याचा काळ आयकेईव्ही२ मध्ये वाटाघाटीने ठरत नाही, प्रत्येक बाजू आपापलं पाळते. दोन्हीकडे अगदी सारखे आकडे ठेवले तर दोघांनी एकाच क्षणी किल्ली बदलायला घेण्याची शक्यता वाढते, आणि जुन्या फर्मवेअरमध्ये ही टक्कर नीट सुटत नाही. आमचा कल असा: आपल्या बाजूचा काळ क्लाउडपेक्षा थोडा कमी ठेवा, आणि फर्मवेअर ताजं करा.

पडण्याचं अंतर अनियमित आहे, पण नेहमी बॅकअपच्या वेळीच पडतं, असंही होतं. सिस्कोवर वाहिनीचं आयुष्य वेळेबरोबर डेटावरही मोजलं जातं, मुळातली मर्यादा ४६,०८,००० किलोबाइट. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर हा आकडा सव्वासहा मिनिटांत गाठला जातो. पीएफएस चुकलेला असेल तर दिवसभर तासाला एकदा आणि रात्री बॅकअप चालू झाला की दर सहा मिनिटांनी, असा विचित्र नमुना दिसतो. डेटाची मर्यादा बंद करता येते किंवा मोठी करता येते, पण गट दुरुस्त केल्याशिवाय ती नुसती मलमपट्टी ठरते.

बॅकअपच्या वेळचा दुसरा संशयित म्हणजे गच्च भरलेली लाइन. ३० सेकंदांच्या होल्ड टाइममध्ये कीपअलाइव्हच्या फक्त तीन वेळा येतात. ५० एमबीपीएसच्या लाइनवर बॅकअप सर्व्हर जोर लावतो, सेवादाराच्या टोकाला पॅकेटं टाकून दिली जातात, आणि त्यात बीजीपीची पॅकेटंही जातात. राउटर आपल्या बीजीपी पॅकेटांवर वरचा प्राधान्यक्रम लिहितो, पण सेवादार तो मानेलच असं नाही. म्हणून अडवणूक आपल्याच दारात करा: बाहेर जाणारा वेग ४५ ते ४७ एमबीपीएसवर शेप करा आणि त्यात बीजीपी व आयकेईला वेगळी रांग द्या.

वर आल्या आल्या पडणारं

सेशन एस्टॅब्लिश्ड होतं, काही सेकंदांत टनेलच खाली जातो, मग सगळं पहिल्यापासून. लॉगमध्ये "रिकर्सिव्ह राउटिंग" असा शब्द दिसला तर चर्चा संपली. टनेलचं बाहेरचं टोक, म्हणजे क्लाउडचा सार्वजनिक पत्ता, टनेलमधूनच गाठायचा असं राउटरला वाटायला लागलं आहे.

हे कसं घडतं? क्लाउडकडून ०.०.०.०/० हा रूट बीजीपीने आला. आपल्याकडे इंटरनेटचा डिफॉल्ट रूट हाताने लिहिलेला असेल तर त्याचं वजन (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, लहान आकडा जिंकतो) १ आणि बीजीपीचं २०, हाताने लिहिलेला जिंकतो, काही बिघडत नाही. पण ब्रॉडबँडवर डिफॉल्ट रूट डीएचसीपीने आलेला असेल, तर सिस्कोवर त्याचं वजन २५४. बीजीपी जिंकतं, टनेलची पॅकेटं टनेलमध्ये शिरतात आणि टनेल मरतो. टनेल मेला की बीजीपीचा रूट जातो, डीएचसीपीचा परत येतो, टनेल उभा राहतो, आणि चक्र पुन्हा सुरू. लहान हॉटेलं आणि शाखा कार्यालयांत हे वारंवार दिसतं, कारण तिथे लाइन ब्रॉडबँडचीच असते. क्लाउडच्या प्रत्येक टनेलच्या सार्वजनिक पत्त्यासाठी /३२ चा (फक्त त्या एका पत्त्याचा) रूट इंटरनेटच्या बाजूला हाताने लिहा. क्लाउडकडून येणारा डिफॉल्ट नको असेल तर आत येणाऱ्या प्रीफिक्स लिस्टमध्येच अडवा. दोन्ही केलं तर उत्तम.

लगेच पडण्याचं दुसरं कारण प्रीफिक्सची मर्यादा. एडब्ल्यूएसच्या डायरेक्ट कनेक्टवर (खासगी लाइनची सेवा) खासगी किंवा ट्रान्झिट इंटरफेसला आपण आयपीव्ही४ चे १०० पर्यंतच प्रीफिक्स सांगू शकतो. त्याहून जास्त गेले की सेशन आयडल होऊन बसतं. अझ्युअरच्या एक्स्प्रेसरूट या तशाच सेवेच्या खासगी पीअरिंगला ही मर्यादा ४,००० आणि प्रीमियमवर १०,००० आहे. शंभराचा आकडा ओलांडायला कुणी वेडेपणा करावा लागत नाही. आतल्या ओएसपीएफमधून बीजीपीत गाळणी न लावता रूट सोडले की लूपबॅकचे /३२ आणि जोडण्यांचे /३० मिळून शंभर सहज होतात. शाखांसाठी सलग जागा राखा आणि १०.२०.०.०/१६ असा एकच गोळाबेरीज प्रीफिक्स सांगा. बाहेर जाणाऱ्या दिशेला परवानगीची यादी हवीच, नुसती मनाईची यादी पुरत नाही. आपल्या राउटरवर मर्यादा लावून "तीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न" असं लिहिलेलं असेल, तर सेशन बरोबर तीस मिनिटांच्या अंतराने पडताना दिसेल. सिस्कोवर अशा वेळी अवस्थेच्या रकान्यात आयडलपुढे "पीएफएक्ससीटी" असा शिक्का असतो.

काहीच लय नाही, पण पाऊस आला की पडतं

जून ते सप्टेंबर या महिन्यांत आधी बाहेर बघा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या गडगडाटी पावसापासूनच हे सुरू होतं. वीज क्षणभर जाते, राउटर यूपीएसवर असल्याने त्याचा अपटाइम शाबूत राहतो, आणि सगळे म्हणतात की आपल्याकडे वीज गेलीच नव्हती. जिन्याखालच्या पेटीतला मीडिया कन्व्हर्टर किंवा ओएनटी (फायबर जिथे संपतं ते उपकरण) मात्र साध्या प्लगवर असतो. त्याचा छोटा ॲडॉप्टर यूपीएसच्या वायरीवर घेतला की महिनाभराचा त्रास थांबतो. पडण्याची वेळ यूपीएसच्या "बॅटरीवर गेलो" या नोंदीशी ताडून बघा.

फायबरची तब्येत आकड्यांत ठेवा. राउटरमधला एसएफपी (फायबर जोडायचं मॉड्यूल) प्रकाशाची पातळी दाखवत असेल तर मे महिन्यात कोरड्या हवेत ती लिहून ठेवा आणि पावसात दर आठवड्याला ताडून बघा. १० गिगाबिटच्या एलआर प्रकारात स्वीकारायची खालची हद्द सुमारे उणे १४.४ डीबीएम आहे. मे महिन्यात उणे ८ असलेला आकडा जुलैत उणे १३ वर आला असेल तर चेंबरमध्ये पाणी गेलेलं असेल, जोड ढिला असेल किंवा वायर कुठेतरी वाकली असेल. तीन डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा. किनाऱ्याजवळच्या इमारतींत खारट दमट हवेने पॅच पॅनलची टोकं मळतात. सुक्या क्लीनरने दोन्ही टोकं साफ करून पुन्हा मोजा, मग सेवादाराला बोलवा. इंटरफेसवरची सीआरसी चुकांची (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांची) संख्या शून्य करून चोवीस तासांनी बघा. एखादी चूक चालेल, सतत वाढणारी संख्या चालणार नाही.

रस्त्याचं खोदकाम हा वर्षभराचा धोका आहे, त्याला ऋतू नाही. दोन सेवादार घेतले म्हणजे दोन वाटा मिळाल्या असं समजू नका. दोन्ही वायरी एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील तर एका फावड्यात दोन्ही जातात. करार करतानाच नकाशावर काढलेली वाट मागा. एक कोकणातून उत्तरेला जाणारी आणि दुसरी घाट चढून बेळगावकडून फिरणारी असेल, तरच ती खरी जोडी. इमारतीत शिरायची जागाही दोन हव्यात.

भाड्याच्या लाइनवर एक घोळ कायम असतो: मधली कडी तुटते, पण आपला पोर्ट वरच राहतो, कारण जवळचं उपकरण जिवंत असतं. मग राउटरला होल्ड टाइम संपेपर्यंत काहीच कळत नाही. त्यासाठी बीएफडी (सतत छोटी पॅकेटं पाठवून वाट जिवंत आहे का ते बघणारी सोय) लावतात. डायरेक्ट कनेक्टवर क्लाउडच्या बाजूला ३०० मिलिसेकंद आणि गुणक ३ तयारच असतो, आपल्या राउटरवर तो चालू केल्याखेरीज काम करत नाही. पण इथे सावध राहा. ३०० गुणिले ३ म्हणजे ९०० मिलिसेकंद. सेवादाराचं जाळं वाट बदलायला सेकंद-दोन सेकंद घेत असेल, तर आधी न कळणारा धक्का आता पूर्ण सेशन पाडतो. बीएफडीत दोन्ही बाजूंच्या आकड्यांतला मोठा आकडा लागू होतो, म्हणून आपण १,००० लिहिलं की अंतर एक सेकंदाचं होतं. गोव्यातून मुंबईपर्यंतच्या लाइनवर पावसाळ्यात १,००० आणि ३ ने सुरुवात करा, आणि सेवादाराच्या लाइनचा अनुभव आल्यावर खाली आणा. अझ्युअरच्या व्हीपीएन गेटवेवर बीएफडी चालत नाही, तिथे होल्ड टाइमवरच विसंबावं लागतं.

जे कधी आलंच नाही

हे दुखणं वेगळं आहे, पण "पडतंय" म्हणून येणाऱ्या तक्रारींत काही अशी निघतातच. ॲक्टिव्ह या शब्दाला फसू नका. सेशन चालू आहे असा त्याचा अर्थ नाही. राउटर टीसीपी जोडणीच्या प्रयत्नात आहे आणि ती होत नाही, एवढंच तो सांगतो. १७९ या पोर्टवर पॅकेट कॅप्चर लावा. आपलं सिन (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) जातं आणि काहीच परत येत नाही, तर वाटेत फायरवॉल किंवा रूटची अडचण. रीसेट परत येतो, तर समोरच्याला पोचलं पण त्या पत्त्याचा नेबर त्याच्याकडे लिहिलेला नाही. मग हे बघा:

– पत्ते उलटे लागलेत का. एडब्ल्यूएसच्या व्हीपीएनमध्ये /३० मधला पहिला वापरायचा पत्ता क्लाउडचा, दुसरा आपला. एक्स्प्रेसरूटमध्ये पहिला आपला, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. एकाची सवय दुसरीकडे नेली की हमखास चुकतं.
– एएसएन. अझ्युअर व्हीपीएनचा मुळातला ६५५१५, एक्स्प्रेसरूटचा १२०७६, एडब्ल्यूएसचा मुळातला ६४५१२. हेच आकडे आपल्या बाजूला वापरू नका.
– अझ्युअर गेटवेचा बीजीपी पत्ता टनेलच्या पलीकडे, गेटवे सबनेटमध्ये असतो. त्यासाठी टनेलकडे जाणारा /३२ रूट आणि ईबीजीपी मल्टिहॉप दोन्ही लागतात. मल्टिहॉप नसेल तर टीटीएल १ असल्याने पॅकेट वाटेतच संपतं, आणि फक्त डिफॉल्ट रूट असेल तर सिस्को राउटर जोडणी सुरूच करत नाही.
– अझ्युअरला १६९.२५४.२१.० ते १६९.२५४.२२.२५५ मधले पत्ते दिले असतील तर जोडणी आपल्या राउटरनेच सुरू करायची असते. आपल्याकडे "पॅसिव्ह" लिहिलेलं असेल तर दोघंही वाट बघत बसतात.
– एमडी५ किल्लीच्या (सेशनच्या पासवर्डच्या) शेवटी चिकटलेली मोकळी जागा. कॉपी-पेस्टमधून येते आणि डोळ्यांना दिसत नाही.
– ज्युनिपर एसआरएक्सवर टनेलच्या झोनमध्ये बीजीपीला आत येऊ देणारी ओळ.

सेशन उभं आहे पण रूट शून्य, हाही प्रकार आहे. एफआरआर ७.४ पासून धोरण न लिहिलेल्या ईबीजीपी नेबरकडून काहीही घेतलं किंवा दिलं जात नाही. सारांशात प्रीफिक्सच्या रकान्यात "पॉलिसी" असा शब्द दिसतो. रूट मॅप लिहा. आणि वेर्णा व पणजी या दोन्ही शाखांना ६५०१० हाच एएसएन दिला असेल, तर क्लाउडमार्गे येणारे एकमेकांचे रूट दोघंही टाकून देतात, कारण वाटेत आपलाच आकडा दिसतो. शाखांना वेगळे आकडे द्या. ६४५१२ ते ६५५३४ पर्यंत खासगी जागा आहे, त्यातले वर सांगितलेले आणि क्लाउडने राखून ठेवलेले आकडे टाळा.

दुरुस्तीनंतर आणि तक्रार देताना

एका वेळी एकच बदल करा आणि पडण्याच्या नेहमीच्या अंतराच्या निदान तिप्पट वेळ थांबा. तासाला पडत असेल तर तीन तास, आठ तासांनी पडत असेल तर पूर्ण दिवस. एडब्ल्यूएसच्या प्रत्येक जोडणीत दोन टनेल असतात आणि देखभालीसाठी त्यातला एक अधूनमधून खाली जातोच. दुसरा जोडलेलाच नसेल, तर कितीही दुरुस्ती करा, सेशन पडत राहील. चवथीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरच्या गर्दीत असले बदल करू नका, माणसं हाताशी नसतात.

सेवादाराला "लाइन सारखी जाते" असं लिहिलं तर "इकडून सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर येतं. सर्किट क्रमांक, शेवटच्या पाच पडण्यांच्या वेळा भारतीय वेळेत आणि यूटीसीत, नोटिफिकेशनचा आकडा व दिशा, एसएफपीच्या प्रकाशाची पातळी दोन्ही तारखांची, चोवीस तासांतल्या सीआरसी चुका, आणि डीएफ बिट लावलेला पिंग कुठल्या मापाला थांबला तो आकडा, हे सगळं पहिल्याच पत्रात द्या. सोबत दोन गोष्टी मागा: त्याच वेळांचे त्यांच्या टोकाचे पोर्टचे लॉग, आणि रात्री ठरवून दहा मिनिटांची लूपबॅक चाचणी.